कोरा तळवा

३ जुलै

ताई,

नमस्कार. मी ठीक आहे. तू ठीक असशील आणि भिंगरी एका जागी बसत नसेल असं धरून चालतो. पत्राची सुरुवात अशीच करायची असते हे तूच शिकवलंस, चौथीत मास्तरांनी मला बाहेर काढलं तेव्हा. त्यानंतर मी शाळेकडे बघितलं नाही आणि शाळेनेही माझ्याकडे.

अक्षर बघून दचकू नकोस. डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला जरा खरचटलंय, काळजीचं काही नाही. माझं अक्षर आधीच कोंबडीचे पाय, आता कोंबडी लंगडी झाली एवढंच.

आणि कागद कशाला म्हणशील, तर इथं फोनवर बोललेलं आणि पडद्यावर लिहिलेलं आधी दुसरेच कुणी बघतात, मग ज्याचं त्याला मिळतं. म्हणून ट्रकवाल्या काकांच्या हाती देतोय. ट्रक आपला आपण चालतो, काकांना फक्त आत झोपायला ठेवलंय. जागे असतील तेव्हा त्यांच्याच हाती उत्तर दे.

भिंगरीने विचारलं होतं, मामाच्या शहरात किल्ल्या नसतात तर दारं उघडतात कशी. तिला सांग, प्रत्येक दाराशेजारी एक काच असते. तिच्यावर उजवा तळवा टेकायचा. काच रेषा वाचते, ओळखीच्या असल्या तर हिरवा दिवा लागतो. खोली, दुकान, दवाखाना, पाण्याचा नळसुद्धा तसाच. आणि भाऊजी त्या काचा बसवायचे. हे मात्र सांगू नकोस, तुला आवडणार नाही.

हातवाल्यांबद्दल तू ऐकलं असशीलच. इथं पोरंसोरं त्यांचं नाव घेताना आवाज खाली करतात. दुसऱ्यांच्या तळव्यांची नक्कल काढायची आणि हवं ते दार उघडायचं, हा त्यांचा धंदा. पोलिसांचा मोठा साहेब म्हणे त्यांना विचारून शिंकतो. पण आपला काय संबंध? चार हात लांब राहिलेलं बरं.

आमची गल्ली एकोणिसाव्या मजल्यावर आहे. खाली अठरा रस्ते, वर किती ते ढगाला माहीत. ऊन आरशातून येतं, सकाळी पाऊण तास. त्यात सगळे आपापले कपडे धरून उभे राहतात. गल्लीच्या कोपऱ्यावर चपला शिवणारे आजोबा बसतात. त्यांचे डोळे गेलेत, दवाखान्यातून नवे मिळायची वाट बघतायत, तोवर बोटांनी टाके मोजतात. माझी पावलं ओळखतात आणि विचारतात, "काय रे, आले का माझे डोळे?" मी म्हणतो, "येतील आजोबा." दुसरं काय म्हणणार.

तू पाठवलेला स्वेटर मिळाला. भाऊजींचा. "त्यांना आता कशाला लागतोय, तुला होईल" असं लिहिलंयस. होतो. बाह्या जरा लांब आहेत.

आणि तू लिहिलंयस की नवरा तसा निघाला, पण भाऊ तरी सरळ राहिला, हेच नशीब.

बरं. इथं पाऊस नाही.

भाऊजींना भेटायला कोठडीत अजून गेलो नाही. काम असतं. जाईन. आणि ताई, तो वेगळं होण्याचा कागद आलाय म्हणतेस, त्याच्यावर एवढ्यात सही करू नकोस. का ते विचारू नकोस. लहानपणी तू मला "का ते विचारू नको, आधी कडू औषध पी" म्हणायचीस, तसं समज.

भिंगरीला एक टपली आणि एक पापा. आधी टपली.

तुझा धाकटा


१९ जुलै

ताई,

तुझं पत्र मिळालं. काका जागे होते.

एवढी चिडशील असं वाटलं नव्हतं. "तीनशे आंधळ्यांचे डोळे चोरणाऱ्या माणसाची बाजू घेतोस, लाज वाटत नाही?" असं लिहिलंयस. वाटते. भिंगरीला शाळेत डोळेचोराची पोर म्हणतात, तिच्या शेजारी कुणी बसत नाही, हे वाचून मला जेवण गेलं नाही. तिला सांग की... नको, काही सांगू नकोस.

मी कुणाची बाजू घेत नाही. मी एवढंच म्हणतो की कधीकधी चोर सोडून संन्याशाला फाशी होते. डोळ्यांच्या कोठाराच्या काचेवर त्यांचा तळवा जुळला खरा, पण काचही चुकत असेल. तू म्हणशील, काच खोटं बोलत नाही, असं तेच छाती फुगवून सांगायचे. खरं आहे. "माणूस खोटं बोलेल, काच नाही." माझ्यासमोर हजार वेळा म्हणाले असतील.

तू भिंतीला चुना मारलास ते बरं केलं नाहीस. भिंगरीने त्यांचा पंजा भिंतीवर टेकवून पेन्सिलने गिरवला होता ना, दाराजवळ? तिला उंची लावायला तो लागायचा. बाबांच्या अंगठ्यापर्यंत आले, बाबांच्या करंगळीपर्यंत आले, असं मोजायची. आता कशाला लावून मोजेल?

बारा ऑगस्टला निकाल, हे मला माहीत आहे. दोषी ठरले तर त्यांचा तळवा रद्द होईल हेही माहीत आहे. तुरुंगाचं एक वेळ ठीक, तिथून माणूस कधीतरी बाहेर येतो. तळवा रद्द झालेल्याला मरेपर्यंत कुठलंच दार उघडत नाही. दवाखाना नाही, नळ नाही. आपल्या गावाकडेही आता कडी-कोयंडे काढून काचा बसवतायत म्हणतेस, म्हणजे घरीही नाही.

तू दहा तारखेला सही करणार म्हणतेस. दहा ऑगस्टपर्यंत थांबतेस तर. बरं.

हाताचं विचारलंस. बरा आहे.

तुझा धाकटा


१ ऑगस्ट

ताई,

या पाकिटात मेणकापडात गुंडाळलेली एक वस्तू आहे. आधी पत्र वाच, मग ती उघड. भिंगरी जवळ असेल तर तिला बाहेर खेळायला पाठव.

नमस्कार-चमत्कार करत नाही. डोळे भाऊजींनी चोरले नाहीत. ते दार मी उघडलं.

हे एक वाक्य लिहायला मला चार महिने लागले, आणि लिहून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. पुढचं सांगतो.

उजव्या हाताला खरचटलेलं नाही. त्याला तळवाच नाही. हातवाल्यांकडे जो जातो त्याची उजव्या तळव्याची कातडी काढून तिथं कोरी बसवतात. गुळगुळीत, रेष नाही, भेग नाही. त्याच्यावर मग कुणाचीही नक्कल हातमोज्यासारखी चढते. रोजच्या वापराला आपल्याच जुन्या तळव्याची नक्कल देतात, म्हणून भाऊजींना कधी कळलं नाही. फक्त स्पर्श जातो. गरम चहा कळत नाही. पेन धरलं की मासा धरल्यासारखं सुटतं. तू लहानपणी माझा हात बघून म्हणायचीस ना, "याच्या हातावर एवढी मोठी प्रवासाची रेघ आहे, हा काही घरात टिकत नाही"? ती रेघ आता कुणाच्या तरी कचऱ्यात आहे.

का गेलो? तुला वाटेल मला कुणी धरलं, धमकावलं. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं. कुणी धमकी दिली नाही. भाऊजींनी मला इथं आणलं, कामाला लावलं, स्वतःच्या खोलीत ठेवलं. मी दिवसभर त्यांच्या हाताखाली काचा पुसायचो, पेचकस द्यायचो. दिवसाला चाळीस दारं. प्रत्येक दार बसवून झालं की भाऊजी समोरून तपासायचे, दार बंद व्हायचं, आणि आम्ही बाहेर. आत काय आहे ते कधी दिसायचं नाही. मला त्याचा राग यायचा. अख्ख्या शहराची दारं आम्ही बसवायची आणि आमच्यासाठी उघडणार एक खोली आणि एक संडास!

खालच्या मजल्यावर एक बाई खानावळ चालवतात. सगळे त्यांना काकू म्हणतात. मीही काकू म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी वाढता वाढता विचारलं, "तुला कुठं जायचंय रे?" मी म्हटलं, "सगळीकडे." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग जेव पोटभर." हातवाल्यांची मुख्य ती हीच बाई, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तोवर मी मिठाला जागायला लागलो होतो. कोणाच्या मिठाला, ते सोड.

सुरुवातीला गंमत होती. बावन्नाव्या मजल्यावरचा तलाव बघितला, खरा मासा बघितला. मग मार्चमध्ये काकू म्हणाल्या, "डोळ्यांच्या कोठाराची काच तुझ्या भाऊजींनी बसवलीय. देखभालीला त्यांचा तळवा तिथं चालतो. एकदाच हवाय. त्यांना काही होणार नाही, एवढ्या साध्या माणसावर कोण संशय घेतंय?"

मी नाही म्हणू शकलो असतो. त्यांनी वाट बघितली. दोन मिनिटं नुसती डाळ ढवळत राहिल्या. त्या दोन मिनिटांत मी नाही म्हटलं नाही.

सुट्टीची दुपार होती. भाऊजी खाटेवर पडले होते. काचांच्या औषधाने त्यांच्या तळव्यांना भेगा पडतात, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "मलम आणलंय, लावून देतो."

"आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा? नाही, या मजल्यावर तो उगवतच नाही."

"गप्प पडा आणि हात द्या."

"डावा घे. उजवा तुझ्या ताईला दिलाय."

"उजवाच लागेल."

"बघ हं, तिला कळलं तर भांडायला येईल." आणि हसत दिला.

मलम नव्हतंच, ठसा घ्यायचा लेप होता. तो वाळायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ हात हलवायचा नाही. त्यांनी हलवला नाही. भिंगरीबद्दल बोलत होते. तिला यंदा इथं आणायचं, वरच्या मजल्यावर नेऊन खरा ढग हाताला लावून दाखवायचा. अंगठ्याच्या मुळाशी त्यांना भाजल्याचा फोड होता, मटारएवढा. आदल्या दिवशी तापलेली सळई लागली होती. मी विचारलं, "दुखतंय?" तर म्हणाले, "तू लावतोयस ना, आता नाही दुखत. मेहुणा असावा तर असा." मी लेप सोलून काढला तेव्हा त्यांचा डोळा लागला होता.

आणि त्यांच्या तळव्यावरची ती आडवी खूण. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत गेलेली. ती कशी आली हे तुला सांगायला नको, तू तेव्हा माहेरी होतीस आणि तुम्ही मला दोघांनी मिळून बदडलं होतं. बारा वर्षांचा होतो. सरकत्या दारात हात घातला आणि त्यांनी स्वतःचा हात मध्ये घालून दार अडवलं. माझा हात शाबूत राहिला. सरकारी वकील कोर्टात म्हणाला ना की अशी खूण असलेला तळवा कोटीत एक, चूक होणं शक्य नाही? ती खूण माझ्या हातावर असायला हवी होती. मी तीच चोरून नेली आणि तिनेच त्यांना अडकवलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात, मी तर वासे उपसून नेले.

नकला काढणाऱ्या माणसाला आम्ही शिंपी म्हणतो. तो आजारी होता, म्हणून ही नक्कल मीच बनवली. अकरा दिवसांनी काकूंनी काम सांगितलं. भर दुपारी, पाळी बदलताना. निघताना त्यांनी विचारलं, "जेवलास का?" मी म्हटलं, भूक नाही. "उपाशी जायचं नाही. हात थरथरतो." जेवलो आणि गेलो. काचेला तळवा टेकवला. हिरवा दिवा लागला. आत बरण्याच बरण्या, एकेकीवर नाव चिकटवलेलं. आमच्या कोपऱ्यावरच्या आजोबांचं नाव मी वाचलं, ताई. वाचूनही ती बरणी उचलली.

भाऊजी तेव्हा खोलीत ताप येऊन झोपले होते. एकटे. म्हणून त्यांना साक्षीदार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिस आले. त्यांच्याबरोबरच्या डॉक्टरने माझ्यासमोर दोन्ही तळव्यांचे फोटो काढले. दिवा मी धरला होता. भाऊजी मला म्हणाले, "तुझ्या ताईला एवढ्यात कळवू नकोस, उगाच घाबरेल. संध्याकाळी सुटेन. आणि त्या कोठाराची काच बिघडली असणार, जरा बघून घे." मी मान हलवली. दिवा हलू दिला नाही.

आता नीट वाच, हे कामाचं आहे.

शिंपी नक्कल बनवली की त्यावरचे फोड, सूज, चिकटलेला कण, सगळं घासून सपाट करतो. कारण रेषा जन्मभराच्या असतात आणि फोड चार दिवसांचा. मला हे माहीत नव्हतं. मी फोड तसाच ठेवला. दार उघडताना यंत्र फक्त रेषा जुळवतं, फोडाकडे कुणी बघत नाही. पण काच मात्र जे टेकलं ते सगळं ठेवते, फुगवट्यासकट. म्हणजे त्या दुपारच्या ठशात अंगठ्याच्या मुळाशी मटारएवढा फोड आहे. आणि भाऊजींचा फोड तोवर वाळून, सोलून गेला होता. दुसऱ्या दिवशीच्या डॉक्टरच्या फोटोत तिथं नितळ कातडी आहे. मी स्वतः दिवा धरून बघितलीय. एका रात्रीत मटारएवढा फोड कुठं जात नाही.

भाऊजींना तो ठसा कुणी दाखवलाच नाही. नुसतं सांगितलं, जुळला. ते बिचारे मानतात की काच खोटं बोलत नाही. काच खरंच खोटं बोलली नाही, ताई. तिला कुणी पूर्ण विचारलं नाही.

वापरलेली नक्कल काकूंच्या चुलीत टाकायची असते, हा नियम. मी माझा काचा पुसायचा रबरी मोजा टाकला. नक्कल का ठेवली, मला सांगता येणार नाही. इतके दिवस ती खाटेखालच्या डब्यात होती. तुझा स्वेटर आला, त्यानंतर त्यात गुंडाळून ठेवली.

पाकिटातली वस्तू ती आहे. घाबरू नकोस. रबर आहे, पण खूण ओळखशील. अंगठ्याच्या मुळाशी बोट फिरव, फोड लागेल. ही भाऊजींच्या वकीलबाईंच्या हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नको. त्यांना सांग, कोठाराच्या काचेवरचा ठसा मागवा आणि डॉक्टरच्या फोटोशेजारी ठेवा. फोनवर यातला एक शब्द बोलू नकोस. आणि त्या कागदावर सही करू नकोस. आता का ते कळलं.

एवढं पुरेल की नाही, मला ठाऊक नाही. माणसाची साक्षही लागेल. म्हणून मी बारा तारखेला कोर्टात येतोय.

तीन दिवसांपूर्वी मी हातवाल्यांना सोडून निघालो. माझ्या तळव्याची नक्कल काकूंच्या कपाटात राहिली, म्हणजे आता माझ्याकडे काहीच नाही. माझ्या खोलीचं दार मला ओळखत नाही. पाणीसुद्धा मागून पितो. आजोबांच्या टपरीला दार नाही, तिथं पथारी टाकलीय. काल सकाळी आरशातलं ऊन आलं तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. हातातला टाका ओढून पुरा केला. मग म्हणाले, "माझं नाव वाचलंस म्हणतोस. नीट लिहिलं होतं का? लोक नेहमी चुकीचं लिहितात." मी म्हटलं, नीट होतं. त्यांनी पाठ फिरवली, पण मला हाकललं नाही. ते हाकलत का नाहीत, हेच मला सोसत नाही.

तू माफ कर असं मी लिहिणार नाही. तुझ्या जागी मी असतो तर केलं नसतं. भिंगरीला खरं सांग, सगळं सांग, मामाचं नाव घेऊन सांग. ती पुढं माझ्याशी बोलली नाही तरी चालेल, पण शाळेत तिच्या शेजारी कुणीतरी बसलं पाहिजे.

एकच मागतो. कोर्टाचं दारही तळव्याने उघडतं आणि कोऱ्या हाताच्या माणसाला पहारेकरी पायरीवर उभं करत नाहीत. मी समोरच्या भिंतीपाशी असेन, तो स्वेटर घालून. तुला आरोपीची बायको म्हणून त्या दिवसापुरतं आत घेतील. बसायच्या बाकापासून दारापर्यंत वीस पावलं आहेत. ती काच भाऊजींनी आणि मीच बसवली होती. आतल्या बाजूला साधी मूठ आहे, कुणीही फिरवावी. पण ती जरा अडते. नुसती फिरवलीस तर वाटेल बंदच आहे. आधी थोडी वर उचलायची, मग फिरवायची. भाऊजींनी दाखवलं होतं.

तू नाही उघडलंस तरी मी संध्याकाळपर्यंत तिथंच असेन.

दाराबाहेरचा,
तुझा धाकटा